प्लास्टिक काढू नकोस

३ तारीख, सोमवार

आलो एकदाचे. घर फोटोत होतं त्यापेक्षा बरं निघालं, हे माझ्या नशिबात पहिल्यांदाच. खाली दोन खोल्या, वर एक, पुढे गाडीपुरतं पोर्च आणि भिंतीवर चार्जिंगचा पॉइंट आधीच बसवलेला. बाबांनी रस्त्याकडची खोली घेतली. येणारंजाणारं दिसायला हवं, म्हणाले. दिसतं किती, हे मी विचारलं नाही.

बाबांची उभी हयात पार्सलच्या गाडीवर गेली. आता डोळ्यांचे पडदे कामातून गेलेत. मधलं सगळं धुरकट, कडेकडेचं तेवढं दिसतं, त्यामुळे माझा चेहरा बघायचा असला की ते माझ्या कानाकडे बघतात. गेल्या वर्षी लायसन्स गेलं, त्या दिवशी जेवले नाहीत. दर महिन्याला डोळ्यांत इंजेक्शन घेतलं तरच उरलंसुरलं टिकेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. इथला डोळ्यांचा दवाखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे आणि बसचं नाव आता मला काढायचं नाही. जुन्या गावी गेल्या खेपेला गर्दीत आमची चुकामूक झाली. मी पोचेपर्यंत ते भलत्याच थांब्यावर, येईल त्या बाईच्या कानाकडे बघत उभे होते. त्याच संध्याकाळी मी गाडी बुक केली.

दादा फोनवर म्हणाला, ठमे, तुझ्या हौसेला मोल नाही, टॅक्सीने भागलं असतं की. तो लांब राहतो आणि सल्ले जवळून देतो. आई गेल्यापासून बाबांचं मीच बघते, लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडले नाही, तेव्हा हौस करायची कुणासाठी?

गाडी गुरुवारी येणार. कॉन्टॅक्टलेस डिलिव्हरी, म्हणजे माणूस कोणी नाही, गाडी एकटीच चालत येणार. बाबांना हे काही पटलेलं नाही. द्यायला माणूस नाही तर सही कोणासमोर करायची, हा त्यांचा सवाल. त्यांच्या धंद्यातला नियम त्यांनी मला शंभरदा ऐकवलाय. ताबा घेतला जाईपर्यंत माल ना देणाऱ्याचा ना घेणाऱ्याचा. तोवर माल गाडीचा.

६ तारीख, गुरुवार

गाडी आली, आणि मी घरी नव्हते. फिजिओथेरपी सेंटरवर आज मला पहिलीच खडूस पेशंट मिळाली, एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मनगट मोडून आखडलंय. सगळे त्यांना हेडबाई म्हणतात. मी हात धरल्याबरोबर म्हणाल्या की तुझा हात आहे का गरम पाण्याची पिशवी. एवढ्यात फोनवर निरोप आला की गाडी लवकर पोचतेय. हेडबाईंचं मनगट अर्ध्यावर सोडणं शक्य नव्हतं. मी घरी फोन केला आणि बाबांना म्हटलं, ताबा तुम्हीच घ्या. कोड त्यांच्या फोनवर पाठवला. मला आनंदच झाला, खरं सांगायचं तर. लायसन्स गेलेल्या माणसाच्या हातात नवी कोरी गाडी.

घरी आले तर बाबा लग्नाच्या मांडवात मिरवावं तसे पोर्चमध्ये उभे. गाडी गल्लीत शहाण्या मुलीसारखी वळली, म्हणाले, आणि फाटकाशी थांबून बाईच्या आवाजात बोलली की कृपया सहा फूट मागे उभे राहा. ते मागे सरेपर्यंत दार उघडलं नाही. मग फोनवर विचारलं ते ते त्यांनी अदमासाने दाबलं.

गाडी राखी रंगाची, देखणी. आत सगळीकडे पातळ पारदर्शक प्लास्टिक, सीटवर, स्टिअरिंगवर, पुढच्या टचस्क्रीनच्या पडद्यावर, दाराच्या मुठींवरसुद्धा. मी नखाने एक कड उचलली तर बाबांनी हातावर चापट मारली. काढू नकोस, नवेपणा जाईल. आमच्या घरात हा रोग जुनाच आहे. टीव्हीचा रिमोट बिघडला तरी त्याची पिशवी शाबूत असते, आणि आईने सोफ्याचं प्लास्टिक सोफा विकेपर्यंत काढू दिलं नव्हतं. मी म्हटलं, बरं, राहू दे.

९ तारीख, रविवार

बाबांना घेऊन लांबवर फिरून आले. गाडीचा आवाज म्हणून नाही. ऐकू येते ती फक्त प्लास्टिकची चुरचुर. मागे टेकलं की घाम येतो आणि उठताना पाठ चिकटते, पण बाबांपुढे बोलायची सोय नाही.

एक गंमत झाली. गाडी पोर्चमध्ये लावली, बंद केली, चार्जिंगला जोडली, तरी पडद्यावर खाली कोपऱ्यात एक शब्द राहतो, ‘मार्गावर’. मी वाचून दाखवलं. बाबा म्हणाले की बरोबरच आहे, आपण सगळेच मार्गावर आहोत, कोणाचं स्टेशन आधी येतं एवढंच. मग स्वतःच हसले.

११ तारीख, मंगळवार

मी कामावर गेले की बाबा दुपारभर गाडीत जाऊन बसतात. मागच्या सीटवर, पट्टा लावून. विचारलं तर म्हणाले की गार वाटतं आणि झोप छान लागते. जन्मभर पुढे बसलो, आता जरा साहेबासारखं मागे बसू दे. घरात एकट्या बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला एवढं सुख मिळत असेल तर गाडी वसूल झाली म्हणायची.

१३ तारीख, गुरुवार

दुपारी जेवायला घरी आले तर पोर्च रिकामं. बाबा घरात नाहीत, त्यांच्या चपला मात्र पोर्चमध्ये, गाडीचं मागचं दार जिथे येतं तिथे नीट जोडून ठेवलेल्या. त्यांचा फोन उशाशी वाजत होता. माझ्या फोनवर गाडीच्या खुणेपुढे तोच एक शब्द, मार्गावर.

गल्लीच्या टोकापर्यंत धावून आले, परत आले, हेल्पलाइनला फोन लावला. तिथे एक गोड आवाजाची बाई असते. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, काळजीचं कारण नाही मॅडम, डिलिव्हरी पूर्ण होईपर्यंत गाडी फेऱ्या करते. मी म्हटलं की डिलिव्हरी होऊन आठवडा झाला. तिने तपासून सांगितलं की ताबा अर्धवट आहे. मी म्हटलं, आत माझे वडील आहेत, गाडी थांबवा. ती म्हणाली की नोंद घेतली आहे.

चहाच्या वेळेला गाडी आपली आपण आली. मागे बाबा, पट्टा लावलेला, गाढ झोपेत. उठवलं तर म्हणाले, मी कुठे गेलो होतो, इथेच डुलकी लागली. चपला मी त्यांच्या पायात घातल्या. त्यांचे तळवे थंडगार होते.

१४ तारीख, शुक्रवार

रोज संध्याकाळी मी बाबांचा खांदा चोळून देते. आज हात लावला आणि थांबले.

माझं पोटच हातांवर आहे. पस्तिशीची कातडी कशी लागते, सत्तरीची कशी, हे मला डोळे मिटून कळतं. बाबांच्या दंडावर सुरकुती नाही. दाबलं तर खळगा पडत नाही, बोट सरकतं. डाव्या तळहातावर दोर सरकून भाजल्याचा जाड व्रण होता. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवत झोपायची. तो नाही. मी दिव्याखाली धरून पाहिलं. तळहात साफ, आणि त्यावर किंचित चकाकी.

बाबा मात्र खुशीत. भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते त्यांनी तिथूनच सांगितलं आणि बरोबर सांगितलं. मग माझ्याकडे वळले. कानाकडे नाही, माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि म्हणाले, ठमे, तू केवढी थकलीस गं.

मी रडले. आनंदाने रडले की भीतीने, ते अजून ठरत नाही.

१६ तारीख, रविवार

गोड आवाजाच्या बाईने आज नीट सांगितलं, मी विचारलं म्हणून. ग्राहकाने सगळं प्लास्टिक स्वतः काढलं की डिलिव्हरी पूर्ण. तोपर्यंत गाडी मार्गावर, आणि गाडीत जे काही असेल तो मार्गावरचा माल. मी विचारलं, कोणासाठीचा माल? ती म्हणाली की ती माहिती तिला दिसत नाही, ज्यांनी मागवला असेल त्यांना दिसते.

बाबांना आत झोपवून मी सकाळभर गाडीत गुडघ्यांवर बसून प्लास्टिक ओरबाडलं. सीटवरचं, मुठींवरचं, पट्ट्यांवरचं, आरशामागचं. दोन मोठ्या पिशव्या भरल्या, नखं दुखायला लागली. गाडी उघडी पडली, साधी झाली, कोणाच्याही गाडीसारखी. पडदा सुरू केला. मार्गावर.

परत फोन केला. ती म्हणाली, अजून शिल्लक दिसतंय मॅडम. गाडीवरचं निघालं, मालावरचं राहिलं. मी म्हटलं की गाडी रिकामी आहे. तिने वाचून दाखवलं: एक नग, नाजूक, जपून हाताळावा.

बाबा खिडकीतून बघत होते. नवेपणा घालवलास ना, म्हणाले. रागावून नाही, नुसतेच.

१७ तारीख, सोमवार

सापडली. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे नाडी बघतात तिथे, एक कड. केसाएवढी, सुटलेली.

बाबा पेपर वाचत होते. चष्म्याशिवाय. मी नाडी बघते म्हणून हात घेतला आणि नखाने कड धरली. निघाली. आवाज नाही, रक्त नाही, पारदर्शक पापुद्रा. चार बोटं रुंद पट्टी तळहातावरून डावीकडे सोलत —

नाही, नीट लिहायला हवं. उजव्या हाताचं थोडं निघालं. मग मी डावा हात घेतला. तिथेही कड होती. ओढली. खाली व्रण होता. माझा व्रण. जाड, खडबडीत, गरम. आत बाबा होते. तेच, जुने, सुरकुतलेले.

मी आणखी ओढायला लागले तर त्यांनी पेपर खाली टाकला. अक्षरं गेली, म्हणाले. ठमे, घड्याळ गेलं. तुझं तोंड गेलं. माझ्या कानाकडे बघायला लागले. आणि मग बाबा रडले. आई गेली तेव्हा नव्हते रडले. म्हणाले, काढू नकोस, एवढं एक ऐक, मला दिसू दे.

मी हात काढला. सुटलेली पट्टी तळहातावर परत दाबून बसवली. त्यांना दिसायला लागलं.

ओढायला हवं होतं. ते कितीही रडले तरी ओढायला हवं होतं. रोज पेशंटना रडवते मी, दुखेल पण सुटेल म्हणत. आपल्या माणसावर हात चालला नाही.

१८ तारीख, मंगळवार

रजा टाकली. गाडीचं चार्जिंग काढलं. फाटकाला कुलूप. गाडीच्या किल्लीचं जे काही फोनमध्ये होतं ते पुसून टाकलं. पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसून आहे.

दादाचा फोन आला. सगळं सांगितलं. तो आधी बाबांशी बोलला, मग मला म्हणाला, अगं, आवाज दहा वर्षांनी तरुण झालाय त्यांचा, तुला झोपेची गरज आहे. जिवाच्या आकांताने सांगावं आणि समोरच्याने झोप म्हणावं.

बाबांना दुपारी बाहेर यायचं होतं. म्हटलं नाही. भांडले नाहीत. आतल्या खोलीत पलंगावर ताठ बसून राहिले, मांडीवर हात ठेवून. पट्टा लावून बसतात तसे.

१९ तारीख, बुधवार

आंघोळीला गेले होते. तेवढंच. दार लावून घेतलं नव्हतं, हाक ऐकू यावी म्हणून.

फाटक उघडं. कुलूप तसंच लावलेलं, कडीला लटकत. गाडी नाही. चपला जोडून ठेवलेल्या.

पोलिसांकडे गेले. सज्ञान माणूस, स्वतःच्या नावावर ताबा घेतलेली गाडी, म्हणाले. पट्टा लावतात ना, विचारलं. हो म्हटलं. मग सुरक्षित आहेत, म्हणाले. ताबा मीच त्यांना घ्यायला लावला होता. मीच.

फोनवर — मार्गावर.

२० तारीख, गुरुवार

सकाळी निरोप आला. आपली डिलिव्हरी पोचली आहे, धन्यवाद. सोबत फोटो.

कोणाचं तरी दार. हिरवं, वर पितळी मूठ. पायरीवर बाबा उभे, अनवाणी, सरळ. समोर माझ्याएवढीच एक बाई. तिने त्यांचं मनगट धरलंय आणि नखाने — कोपरापर्यंत सोललंय तिने. खालची कातडी बाबांची नाही. गोरी, तीळ असलेली. कोणाची तरी.

ती बाई इतकी आनंदात आहे. तिचीही आई गेली असेल, वडील गेले असतील. वाट बघत असेल. मी तिला शिव्या देऊ शकत नाही.

बाबा तिच्या कानाकडे बघतायत.

हेल्पलाइन. हिरव्या दाराचा पत्ता विचारला. घेणाऱ्याने माल स्वीकारलाय मॅडम, आता परत घेता येत नाही.

२२ तारीख, शनिवार

गाडी परत आलीये. पोर्चमध्ये. रिकामी. मी जवळ गेले नाही. खिडकीतून पडदा दिसतो. मार्गावर. एक नग.

रिकामी आहे म्हटलं ना.

कामावर गेले. घरात बसवेना. हेडबाईंचं मनगट हातात घेतलं तर त्यांनी ओढून घेतलं. म्हणाल्या, आज हातमोजे घातलेस का गं? गार लागतायत.

घातले नव्हते.

मीही बसलेय त्या गाडीत. चालवलीये. ती सकाळ, गुडघ्यांवर, सगळं सोलताना — आतच होते की.

२३ — रविवार

डाव्या मनगटावर. कड.

ओढून पाहिली. दुसऱ्या हाताची बोटं सरकतात, पकड येत नाही. दातांनी — नाही. स्वतःचं स्वतःला निघत नाही. ग्राहकाने काढायचं असतं.

दादाला फोन. ये, म्हटलं, ये आणि माझा हात धर. पुढच्या महिन्यात बघतो, म्हणाला.

थकवा गेलाय. आरशात पंचविशीची दिसते. असं वाटतंय की गाडीत गार असेल.

सोमवार

मागच्या सीटवर. चपला बाहेर जोडून ठेवल्या — केव्हा, आठवत नाही. वही बरोबर आहे. पट्टा लागलाय, सुटत नाही. पण मला सोडवायचाही नाही. गाडी बाबांना घेऊन गेली तिथेच मलाही नेईल. हिरवं दार. मी त्या बाईला सांगेन, एवढा एकदा हात धरू दे, व्रण शोधू दे, असेल कुठेतरी खाली —

रस्ते ओळखीचे नाहीत. आवाज नाही. चुरचुर मात्र आहे. सीटवरचं प्लास्टिक तर मी काढलं होतं. माझ्याच बाह्यांतून येतेय.

नाव आठवायला वेळ लागला. ठमी. घरचं नाव. खरं नाव —

थांबली.

बाहेर बाबांनी सांगितलेला तोच बाईचा आवाज. कोणाला तरी सांगतोय, कृपया सहा फूट मागे उभे राहा.

दार निळं आहे. हिरवं नाही — निळं. बाबा नाहीत इथे. दारात एक मुलगी, वीस-बावीसची, हात जोडून, रडतेय, हसतेय. मी ओरडतेय की मी नाही, चुकीचा पत्ता, पण ओठ नीट — गाडीचं दार उघडतंय. मुलीची बोटं गरम आहेत. किती दिवसांनी गरम हात — माझं मनगट धरलंय, कड शोधतेय, सापडली, ती म्हणतेय, आई, किती वाट बघायला लाव